मस्टँग नावाची यादी: दारावरच्या पत्र्यावरून १९६५ ची गाडी कशी वाचायची

समजा, एक जाहिरात आहे. फोर्डची लाल रंगाची फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची) मस्टँग, १९६५ चं मॉडेल, ‘ओरिजिनल जीटी’, म्हणजे कारखान्यातूनच जीटी म्हणून निघालेली. समोरच्या जाळीत दोन फॉग लॅम्प, दारांखालून जाणारे पांढरे पट्टे, मागच्या बंपरखालून कर्ण्यासारखी तोंडं काढलेले सायलेन्सरचे दोन पाइप, आणि सीटच्या पाठीवर उठावात धावणारे घोडे. किंमतही जीटीला शोभेल अशीच. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की त्याच्या मागच्या कडेला रिव्हेट मारून बसवलेली पत्र्याची छोटी पट्टी दिसते. तिच्यावर ठोकलेलं असतं: ६३ए, जे, २६, १५एम, ७१, १, ५. आणि गाडीचा नंबर: ५आर०९ए, पुढे सहा आकडे.

ही पट्टी वाचता येणाऱ्याला जाहिरातीतली गफलत दोन मिनिटांत कळते. पण ती कळायला आधी ही गाडी विकली कशी जायची ते माहीत हवं.

आपल्याकडे आज गाडी घ्यायची म्हणजे व्हेरिएंट निवडायचं. बेस, मिड, टॉप. सनरूफ हवं असेल तर टॉप घ्या. मग त्याच्याबरोबर नको असलेल्या आणखी दहा गोष्टी येतात. थाळीसारखं. गोड नको म्हटलं तरी वाटी ताटात असतेच. १९६४ च्या अमेरिकेत हिशेब उलटा होता. कंपनी साधी गाडी आणि एक लांबलचक दरपत्रक समोर ठेवायची. त्यातलं काय हवं त्यावर डीलर खुणा करायचा, बेरीज मारायचा आणि ऑर्डर कारखान्याला जायची. फ्लॅटच्या जाहिरातीत एक दर असतो, मग वरच्या मजल्याचे वेगळे, पार्किंगचे वेगळे आणि क्लब हाउसचे वेगळे पैसे. ज्यांनी पुण्यात घर घेतलंय त्यांना ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही.

फोर्डने मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आणली. सर्वांत स्वस्त हार्डटॉपची, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीची, किंमत २,३६८ डॉलर. तेव्हा डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैसे होता, म्हणजे साधारण सव्वाअकरा हजार रुपये. त्या काळात आपल्याकडे फियाट किंवा ॲम्बॅसडर बुक करून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. रंगसुद्धा मिळेल तो घ्यायचा, तिथे दरपत्रकावर खुणा करण्याचा प्रश्नच नव्हता.

हा २,३६८ चा आकडा परवडला कसा? मस्टँगच्या आत बरंचसं सामान फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या कुटुंबाच्या गाडीचं होतं. सहा सिलिंडरचं इंजिन तिचंच, खालचा सांगाडाही बराच तिच्यावर बेतलेला. नवं होतं ते वरचं रूप, लांब बोनेट आणि आखूड डिकी. शिवाय फोर्ड विभागाचे प्रमुख ली आयकोका यांनी एक हुशारी केली. साध्या गाडीतही त्यांनी दिसणाऱ्या गोष्टी भरून दिल्या: पुढे दोन सुट्या बकेट सीट, जमिनीवर गिअरचा दांडा, गालिचा, चाकांवर पूर्ण झाकणं. त्यामुळे सगळ्यांत स्वस्त गाडी घेणाऱ्यालाही आपण गरिबांची आवृत्ती घेतलीय असं वाटत नसे. न दिसणारं सगळं मात्र यादीत टाकलं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टीअरिंग, सगळ्याचे पैसे वेगळे.

यादीतल्या काही गंमती सांगायलाच हव्यात. बकेट सीट फुकट, पण साधा सलग बाक हवा असेल तर त्याचे सुमारे २४ डॉलर जास्त! शेजारी बिलगून बसणाऱ्यांसाठी असावा. उलटंही होतं: हीटर गाडीच्या किमतीतच धरलेला असे, तो नको म्हटलं तर सुमारे ३२ डॉलर वजा होत. कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागात ते पटण्यासारखं होतं. एसी सुमारे २८० डॉलर, म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळजवळ आठवा हिस्सा. आणि तो डॅशबोर्डच्या आत नव्हे, खाली लोंबकळणाऱ्या डब्यासारखा बसवलेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सहा सिलिंडरला सुमारे १८०, रेडिओ ५८, पॉवर स्टीअरिंग ८५ च्या आसपास. ‘रॅली पॅक’ नावाची जोडगोळी सुमारे ७० डॉलरची: एक घड्याळ आणि एक इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, दोन्ही स्टीअरिंगच्या खांबाला डोळ्यांसारखे चिकटवलेले. उपयोगापेक्षा मिरवायलाच जास्त, असं माझं मत. पण आज मूळ रॅली पॅकसाठी लोक काय मोजतात ते पाहिलं की मत गिळावं लागतं.

आयकोकांनी पुढे दिलेल्या आकड्यांनुसार दर दहा मस्टँगमागे एकीला हे रॅली पॅक असे. शंभरातले ८० हून जास्त लोक पांढऱ्या कडेचे टायर घेत, ८० जण रेडिओ, ७१ जण आठ सिलिंडरचं इंजिन. २,३६८ डॉलरच्या गाडीवर माणसं सरासरी आणखी १,००० डॉलर यादीतल्या वस्तूंवर उधळत. कंपनीचा खरा फायदा कुठे होता ते यावरून कळतं.

लागोपाठ एकसारख्या दोन गाड्या निघणं का अवघड होतं, त्याचा हिशेब बघा. बॉडीचे तीन प्रकार: हार्डटॉप, टप काढता येणारी कन्व्हर्टिबल, आणि सप्टेंबर १९६४ पासून मागे उताराच्या छपराची फास्टबॅक. इंजिनं चार, गिअरबॉक्स तीन. झाले ३६. आता त्यावर ‘हवं की नको’ अशा फक्त दहा वस्तू धरा. दोनचा दहावा घात १,०२४. गुणाकार ३६ हजारांच्या पुढे, आणि यात अजून रंग आलेच नाहीत. काही जोड्या चालत नसत हे खरं, तरी १९६५ च्या मॉडेलच्या ६,८०,९८९ गाड्या बनल्या त्यात अगदी जुळ्या शोधायला बसलं तर वेळ लागेल.

इंजिनाचं अक्षर

आता आपल्या पट्टीकडे. गाडीच्या नंबरातला पहिला आकडा ५ म्हणजे १९६५. इथे एक जुना घोळ आहे. मार्च ते जुलै १९६४ मध्ये बनलेल्या पहिल्या गाड्यांना शौकीन ‘साडेचौसष्ट’ म्हणतात, पण कंपनीच्या नोंदीत त्याही १९६५ च्याच आहेत. फरक बोनेट उघडल्यावर दिसतो: आधीच्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला जनरेटर होता, ऑगस्ट १९६४ नंतर अल्टरनेटर आला. डॅशबोर्डवरचा छोटा दिवासुद्धा त्याप्रमाणे बदलला.

दुसरं अक्षर कारखान्याचं. एफ म्हणजे मिशिगनमधलं डिअरबॉर्न, टी म्हणजे न्यू जर्सीमधलं मेटचन, आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. आपली गाडी आर. हा सॅन होजेचा कारखाना खरं तर शेजारच्या मिलपिटासमध्ये होता. १९८३ मध्ये तो बंद पडला आणि १९९४ मध्ये त्याच इमारतीत ग्रेट मॉल उघडला. बे एरियातली मराठी मंडळी जिथे दिवाळीच्या सुमाराला सेलमध्ये बूट शोधत फिरतात, तिथून एके काळी मस्टँगा बाहेर पडत.

०९ म्हणजे फास्टबॅक. ०७ असतं तर हार्डटॉप, ०८ असतं तर कन्व्हर्टिबल.

यानंतरचं अक्षर सगळ्यांत मोलाचं, कारण ते इंजिनाचं. ऑगस्ट १९६४ नंतरच्या गाड्यांत चार पर्याय होते. टी म्हणजे २०० घनइंचांचं, साधारण ३.३ लिटरचं सहा सिलिंडर, १२० अश्वशक्ती. बाकीची तिन्ही २८९ घनइंचांची, म्हणजे सुमारे ४.७ लिटरची, व्ही आकारात आठ सिलिंडर असलेली इंजिनं. आकार एकच, पण सी ला २०० अश्वशक्ती, ए ला २२५ आणि के ला २७१. सी मध्ये कार्बुरेटरला दोन तोंडं, ए मध्ये चार. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर.

हे आकडे वाचून आजच्या गाडीशी तुलना करू नका. त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीतून बाहेर काढून, एअर क्लीनर आणि खरा सायलेन्सर न लावता, अल्टरनेटरचा भार न घालता मोजत. मल्लाला उपाशीपोटी, लंगोटावर वजनकाट्यावर उभं करावं तसं, फक्त उलट्या दिशेने फायद्याचं. १९७२ पासून सगळा संसार जोडलेल्या इंजिनाची ताकद छापायला लागल्यावर कागदावरचे आकडे धाडकन खाली आले.

के अक्षराचं इंजिन ही वेगळीच वल्ली. आत जास्त आक्रमक कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि झडपा ढकलायला हायड्रॉलिकऐवजी घन टॅपेट. म्हणजे ठरावीक काळाने फीलर गेज घालून टॅपेट सेट करायचे, जे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकना पाठ आहे, पण अमेरिकन गिऱ्हाइकाला तोपर्यंत कटकट वाटू लागलं होतं. हे इंजिन एकट्या एसीपेक्षा महाग. आणि ते घेतलं की बरंचसं दार बंद: एसी मिळणार नाही, पॉवर स्टीअरिंग मिळणार नाही, १९६५ मध्ये ऑटोमॅटिकही नाही, चार गिअरचा हातगिअरच. इंजिन इतक्या वेगात फिरणार की त्याच्यावर पट्ट्याने आणखी यंत्रं लटकवणं कंपनीला धोक्याचं वाटलं. वॉरंटीसुद्धा इतर गाड्यांपेक्षा बरीच कमी दिली. कंपनी स्वतःच सांगत होती की हा माणूस ही गाडी नीट चालवणार नाही!

म्हणूनच एखाद्या के गाडीत कारखान्याचा एसी दिसला की थांबायचं. कोणीतरी काहीतरी बदललंय.

इंजिन बदललं असेल तर अक्षर बदलता येत नाही का? पट्टी बदलता येते, ती तर हवी तशी ठोकून नवी बनवून मिळते. पण गाडीचा नंबर बोनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यावरही थेट ठोकलेला असतो, आणि आणखी दोन ठिकाणी बाहेरच्या फेंडरखाली लपलेला असतो, जो फेंडर खोलल्याशिवाय दिसत नाही. पारखी माणूस आधी तिथे टॉर्च घेऊन वाकतो, दाराकडे नंतर.

आणखी एक सोपी खूण, जिच्यासाठी वाकावंही लागत नाही. चाकाचे नट मोजा. सहा सिलिंडरच्या गाडीला चार नट, आठ सिलिंडरच्या गाडीला पाच. नंबरात टी आहे आणि चाकाला पाच नट, किंवा समोर भलंमोठं इंजिन आहे आणि चाकाला चार, तर मधल्या साठ वर्षांत काहीतरी घडलंय. चार नटांवर आठ सिलिंडर चालवणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारी बसू नये.

बाकीची पट्टी

६३ए: फास्टबॅक, साधा अंतर्भाग. ए च्या जागी बी असता तर आलिशान अंतर्भाग, ज्याला शौकीन ‘पोनी इंटीरिअर’ म्हणतात. सीटच्या पाठीवरचे धावते घोडे त्यात येत. शिवाय लाकडासारखं दिसणारं स्टीअरिंग आणि फाल्कनच्या लांबट मीटरपट्टीऐवजी पाच गोल मीटर. जाहिरातीत घोडे आहेत, पट्टी ए म्हणते. म्हणजे घोडे नंतर आले. ही पहिली विसंगती.

जे: रंगून रेड. हे नाव मला आवडतं. डेट्रॉइटच्या रंगाला ब्रह्मदेशचं गाव. २६ म्हणजे काळं विनाइल, साध्या प्रकारातलं.

१५एम: पंधरा डिसेंबर. महिने ए पासून मोजायचे, पण आय हे अक्षर वगळलंय, कारण ठोकल्यावर ते एक या आकड्यासारखं दिसतं. म्हणून बारावा महिना एल वर नाही, एम वर येतो. आणि १९६५ चं मॉडेल म्हणजे हा डिसेंबर १९६४ चा.

७१: ही गाडी लॉस एंजेलिसच्या विक्री विभागाने मागवली. या जागी दोनऐवजी सहा आकडे दिसले तर कान टवकारायचे, कारण मग ती खास ऑर्डर असते, बहुधा यादीबाहेरच्या रंगाची.

१: मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.००. गिअरबॉक्सकडून येणारा दांडा तीनदा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा. सायकलवर चढाला लागलं की आपण हलका गिअर टाकतो, तसंच हे. आकडा मोठा असेल, ३.८९ किंवा ४.११, तर गाडी जागेवरून सुसाट उठते पण हायवेवर इंजिन बोंबलत राहतं. ३.०० म्हणजे निवांत, लांबच्या प्रवासाचा माणूस. त्या जागी आकड्याऐवजी अक्षर असतं तर मागच्या दोन्ही चाकांना मिळून जोर देणारं डिफरन्शिअल. ते नसलं की एक चाक चिखलात गेल्यावर तेच गरगरत बसतं आणि दुसरं बघत राहतं; कोकणातल्या पावसाळ्यात गाडी रुतलेल्या प्रत्येकाला हे दृश्य ठाऊक आहे.

५: चार गिअरचा हातगिअर. १ असता तर तीनचा, ६ असता तर ऑटोमॅटिक.

झाली पट्टी. आता ती काय सांगत नाही ते बघा: रेडिओ, एसी, पॉवर स्टीअरिंग, डिस्क ब्रेक, रॅली पॅक यातलं काहीच नाही. आणि मुख्य म्हणजे जीटीसुद्धा नाही. जीटी हे मॉडेल नव्हतंच. मस्टँगच्या पहिल्या वाढदिवसाला, एप्रिल १९६५ मध्ये, यादीत सुमारे १६५ डॉलरची आणखी एक ओळ आली. तिच्यात फॉग लॅम्प, पट्टे, दोन सायलेन्सर, कडक सस्पेन्शन, जलद वळणारं स्टीअरिंग आणि पुढे डिस्क ब्रेक असं गाठोडं बांधलेलं होतं, आणि ते फक्त ए किंवा के इंजिनावर मिळायचं. जिच्यासाठी आज लोक सर्वांत जास्त पैसे मोजतात, नेमकी तीच ओळ कारखान्याने पट्टीवर ठोकली नाही. त्यांना काय कल्पना!

पट्टी जीटी असल्याचं सिद्ध करू शकत नाही, पण जीटी नसल्याचं मात्र करू शकते. सी किंवा टी इंजिन असेल तर विषय संपला. आपल्या लाल गाडीचं इंजिन ए आहे, तिथे ती पास. पण तारीख डिसेंबर १९६४ ची. जीटी यादीत यायला तेव्हा काही महिने बाकी होते. तेव्हा ‘ओरिजिनल’ हा शब्द गेला.

यात मालकाने फसवलंच असेल असं नाही. जीटीचं बरंचसं सामान डीलरच्या काउंटरवर सुटंही मिळे. १९६६ मध्ये एखाद्या पोराने पगारातून पैसे साठवून फॉग लॅम्प लावले असतील, पुढच्या मालकाने पट्टे, त्याच्या पुढच्याने घोडे. चौथ्याने प्रामाणिकपणे जीटी समजूनच घेतली असेल.

तारीख जुळत असती तर काय पाहिलं असतं? गाडी लिफ्टवर चढवून मागचा सांगाडा. दोन सायलेन्सरचा भार पेलायला कारखाना तिथे मजबुतीचे जादा पत्रे आतून वेल्ड करायचा. फॉग लॅम्प कोणीही स्क्रूने लावतं, पण त्या पत्र्यांवरचा कारखान्याचा वेल्ड आणि जुना रंग यांची नक्कल करणं कठीण. मग ड्रम की डिस्क, मग स्टीअरिंगचा बॉक्स, मग डॅशबोर्डमागच्या वायरिंगमध्ये फॉग लॅम्पची तार मूळची की नंतर टेप गुंडाळून जोडलेली. आणि १९६५-६६ च्या गाडीत डिस्कबरोबर पॉवर ब्रेक दिसला, तर तोही मागाहूनचा. कारखान्यात ही जोडी मिळत नसे.

१९६७ पासूनच्या मस्टँग घेणाऱ्यांना एवढी कसरत करावी लागत नाही. फोर्डच्या त्या नोंदी टिकल्या आणि त्या सांभाळणाऱ्या केव्हिन मार्टी यांच्याकडे नंबर देऊन पैसे भरले की कोणती गाडी काय काय लावून निघाली त्याचा कागद मिळतो. १९६५ आणि ६६ च्या तशा नोंदी उरल्याच नाहीत. उरतो तो फक्त बिल्ड शीट, असेंब्ली लाइनवर गाडीबरोबर फिरणारा कागद, ज्याच्यावर बघून कामगार पुढचं सामान उचलायचा. काम झालं की त्याची किंमत रद्दीची. कुणी तो सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसला, कुणी गालिच्याखाली टाकला, बहुतेकांनी फेकला. म्हणून आजही मस्टँग विकत घेतल्यावर जाणकार मालक पहिलं काम करतो ते मागची सीट उपटून उलटी करण्याचं. बहुधा हाती लागतात गंजलेल्या स्प्रिंगा, कुजलेला काथ्या आणि १९६० च्या दशकातली एखाद-दुसरी सेंटची नाणी.